भुसावळला न्यायची खोली

नवघर, भाईंदर पूर्व
१७ फेब्रुवारी २००८

भूमी,

आशीर्वाद. तो आधी घे, मग पत्र फाडायचं असेल तर फाड.

तुझ्या बाबांनी ट्रक देऊन टाकला आणि त्याच्या बदल्यात एक बस आणली. साधी बस नाही. घोडबंदर रोडला सीरियलींची शूटिंगं चालतात ना, तिथे हिरॉइनला रंगरंगोटी करायला आणि पाय पसरायला जी गाडी उभी असते, ती. जुनी झाली म्हणून मालकाने काढली. आत पलंग आहे, भिंतीला धरून सोफा आहे, भांडी घासायला बेसिन आहे, कपाटाएवढं संडास-बाथरूम आहे आणि एक आरसा आहे. आरशाच्या चारी बाजूंनी बल्ब. मी हौसेने त्यात तोंड बघायला गेले आणि पस्तावले. एवढ्या उजेडात माझं तोंड मी लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

अख्खी आळी बघायला लोटली. इंद्रलोकच्या बिल्डिंगांतल्या बायकासुद्धा फिरायला निघाल्या की आपल्या दाराशी थांबून आत डोकावतात. शेजारची मंदाकाकू पलंगावर जाऊन बसली ती चहा दिल्याशिवाय उठेना. मी तुझ्या बाबांना विचारलं, या वयात कोणाला हिरॉइन करणार आहात? फडकं घेऊन गाडीची काच पुसायला लागले. शेवटी परवा जेवताना, ताटात बघत म्हणाले, "भुसावलला न्यायची हाय. पोरीचं बालंतपन तिच्यात करायचं."

माझी भाकरी तव्यावरच करपली.

तुला दिवस गेलेत हे मला धर्मेशने सांगितलं होतं, आणि आम्ही मायलेकांनी ते यांच्यापासून लपवलं होतं. पण धर्मेशच्या पोटात कधी काही राहिलंय? दर रविवारी शांती नगरला कामावर असताना दुकानातून तुला फोन करतो आणि घरी येताना तोंड असं करून येतो की आंधळ्यालाही कळावं. यांनी त्याला गाठलं असणार, आणि त्याने सगळं ओकलं असणार.

दोन वर्षं या घरात जे कोणी बोलत नाही ते मी एकदा लिहून टाकते. तुझ्या हळदीच्या दिवशी शेताच्या हक्कसोडीचा कागद मांडवात आणला. तुझे हात कोपरापर्यंत हळदीने भरलेले, आणि भावकीसमोर तुला म्हणाले, सही कर. तू म्हणालीस, आज नको. मग पहिल्या दिवाळीला चंदनरावांसमोर, नव्या जावयासमोर, पुन्हा तोच कागद काढला. तू म्हणालीस, मला शेत नको, पण माझ्या हळदीत आणलेल्या कागदावर मी कधीच सही करणार नाही. तेव्हा यांनी धर्मेशला दंडाला धरून पुढे ओढला आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून बोलले, ही माझा उंबरा चढणार नाही आणि माझ्या घरचं कोणी हिचा उंबरा चढणार नाही.

शपथ घ्यायला यांना स्वतःचं डोकं नव्हतं का, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. पण एकुलत्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवल्यावर आपल्यात पुढे कोणी बोलत नाही. गेल्या वर्षी तुझं बाळ पोटातच गेलं. चंदनराव ड्युटीवर, तुला सासू नाही, तू सरकारी दवाखान्यात एकटी. आणि मी इथे देवासमोर बसून रडत होते. तू त्यानंतर माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीस. मी तुला दोष देत नाही. पण मला मुलं दोन आहेत गं. तुझ्याकडे यायचं म्हणजे त्याच्या डोक्यावर पाय देऊन यायचं. कसं आले असते?

पत्राचं म्हणशील तर शपथेत उंबरा होता, पोस्ट नव्हतं. म्हणून लिहिते.

आणि तुझे बाबाही असाच काहीतरी शोध लावून बसलेत. म्हणतात, "गाडीला उंबरा न्हाय. पायदान असतं." तुझ्या क्वार्टरच्या फाटकाबाहेर, सरकारी रस्त्यावर गाडी लावायची. तू पायदान चढून आत यायचं. तू आमच्या घरात नाहीस, आम्ही तुझ्या घरात नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं लागतं, तर माहेरच उचलून भुसावळला न्यायचं. वकील झाले असते तर मोठं नाव काढलं असतं. महिनाभर हेच डोक्यात घोळवत बसले होते, आणि मला वाटत होतं गुडघा दुखतोय म्हणून गप्प आहेत.

तुझी आठवण येते असं ते म्हणाले नाहीत. इंजिन दणकट आहे, एवढंच म्हणाले.

आई

*

नवघर
९ मार्च २००८

भूमी,

एक अडचण निघाली आहे. गाडी म्हणजे नुसती भट्टी आहे.

काल भरदुपारी मला आत बसवलं आणि दार लावलं, म्हणे बाळंतिणीला कसं वाटेल ते सांग. जरा वेळात मी मोदकासारखी उकडून निघाले. वर पत्रा, चारी बाजूंनी पत्रा, आणि काचा उघडणाऱ्या नाहीत. शूटिंगच्या वेळी एसी असायचा, तो विकणाऱ्याने आधीच काढून घेतला. त्याच्या जागी भिंतीत चौकोनी भोक आहे आणि भोकात पारव्याने घरटं केलंय. इथे हे हाल, तर मे महिन्यात भुसावळला काय होईल? धर्मेश सांगतो, ताईकडे कूलरसुद्धा गरम वारा फेकतो.

तेव्हा एसी बसवायचं ठरलं. नया नगरमधला नौशाद नावाचा मेकॅनिक येतोय. त्याने गाडी बघितली आणि हसायला लागला. तुझ्या बाबांना म्हणाला, "चाचा, ये तो लोहे का डब्बा है, पहले इसको कपड़े पहनाने पड़ेंगे." म्हणजे आतून थर्माकोल, त्यावर प्लायवूड, मग एसी. हे त्याच्याशी हिंदीत बोलतात आणि मध्येच आपल्या बोलीत शिव्या देतात. तो ऐकून घेतो.

मी मात्र अडून बसले. बाळंतिणीला आणि एसी? माझ्या आईने तुझ्या वेळी मला शेगडीपाशी बसवलं, कानाला फडकं बांधलं, पंख्याचं बटण कोणाला दाबू दिलं नाही. वारा अंगात शिरला की जन्माचं दुखणं. हे म्हणाले, तुझ्या आईच्या वेळी भुसावळ नव्हतं. दोन दिवस आमची तोंडं दोन दिशांना. शेवटी मी आमच्या अंगणवाडीला लस द्यायला नर्सबाई येतात त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, वारा अंगावर नको, पण खोली थंड असली तर चांगलंच, एवढ्या उन्हात तान्ह्या बाळाला सोसत नाही. मग तोड निघाली. नौशाद एसीची जाळी छताकडे वळवून देणार आहे. सकाळी एसी बंद करून मी तुला शेक-धुरी देणार, आणि उन्हं चढली की यांचा एसी सुरू. सकाळ माझी, दुपार यांची. संसारात एवढी सरळ वाटणी आमची कधी झाली नव्हती.

आता दुसरं भांडण ऐक. एसीला करंट लागतो. चंदनरावांनी धर्मेशला फोनवर सांगितलं की क्वार्टरमधून वायर टाकून देतो, काळजी करू नका. किती साधी गोष्ट. पण यांचं डोकं फिरलं. लेकीच्या घरचं आपण पाणी पीत नाही, करंट कसा घेणार. मी म्हटलं, पाण्याचं जुनं आहे, नातवंड झालं की तेही फिटतं. तर म्हणाले, तिच्या घरातून वायर आली म्हणजे तिच्या उंबऱ्यावरूनच आली ना. मग ती आपल्या गाडीला जोडली म्हणजे उंबरा ओलांडल्यासारखाच.

मी म्हटलं, अहो, शपथेत वायर कुठे होती?

तर माझ्याकडे असे बघायला लागले की मला राग धरता येईना. म्हणाले, "पोराच्या जिवाशी खेल नको. एवढा पन नको."

तेव्हा कळलं की शपथेची भीती माझ्यापेक्षा यांनाच जास्त आहे. तोंडातून निघून गेली, आता परत घेता येत नाही, आणि रात्रंदिवस सांभाळत बसलेत. म्हणून जनरेटर बघायला गेलेत, मंडपवाल्याकडे.

तुझे पाय सुजतात का? मीठ कमी खा. मिठागरवाल्यांची पोर आहेस, तुला ते जड जाणार, माहीत आहे.

आई

*

नवघर
८ एप्रिल २००८

भूमी,

पाडव्याला एसी चालू झाला. यांनी गाडीला झेंडूचं तोरण बांधलं, नारळ फोडला, आणि बटण दाबायचा मान धर्मेशला दिला. थोडा वेळ नुसती घरघर, मग खरंच गार वारा यायला लागला. मंदाकाकू शाल घेऊन आली. आळीतल्या बायकांनी पाळ्या लावून त्या पलंगावर अंग टाकलं. दुपारभर इथे लाईट नसते, घामाच्या धारा, त्यामुळे आपलं अंगण म्हणजे महाबळेश्वर झालंय.

एक वाईट आहे. जनरेटर गणपतीच्या मंडपातला, त्याचा आवाजही तसाच. शेजारी बोललेलं ऐकू येत नाही. मी म्हटलं, या आवाजात बाळ झोपेल कसं? दचकून दचकून आजारी पडेल. नौशाद म्हणाला, सोपं आहे, जनरेटर गाडीपासून लांब जमिनीवर ठेवा आणि मोठी वायर घ्या. पण जमीन कोणाची? रस्त्याच्या कडेला रहदारी, आणि बाकी तुझ्या क्वार्टरचं अंगण. अंगणात ठेवायला हे तयार नाहीत. शपथेत अंगणही नव्हतं, पण आता मी वाद घालत नाही. नौशादचं काम संपलं, तो गेला, आणि या बापलेकांनी मिळून त्यावर आपली अक्कल चालवली. पलंगाखाली जी सामानाची पेटी आहे तिच्यात जनरेटर बसवला, भोवती प्लायवूड आणि थर्माकोल ठोकलं, आणि धुराला पाइप जोडून खालून बाहेर काढला. आता आवाज इतका कमी झालाय की मांजर गुरगुरावं तसा येतो. दोघं एकमेकांची पाठ थोपटत होते. मीही खूश झाले, खोटं कशाला बोलू.

काल संध्याकाळी हे बराच वेळ दिसले नाहीत म्हणून गाडीत डोकावले. यांनी छताला कडी ठोकून घेतलीय, झोळी टांगायला. माझ्या जुन्या लुगड्याची झोळी बांधली होती आणि तिच्यात पाच किलो तांदळाची पिशवी ठेवून झोके देत होते. हात मध्येच वर धरून बघत होते, एसीचा वारा झोळीवर येतो का. मी आले ते त्यांना कळलं होतं. मागे वळले नाहीत, पण विचारलं, "ती चढंल ना गाडीत?"

मला काय माहीत, भूमी? मला तू वर्षभरात एक ओळ लिहिली नाहीस. मी म्हटलं, चढेल. पण ते माझ्या मनाचं होतं.

एवढा पसारा मांडलाय आणि तू येणार की नाही हे कोणी तुला विचारलेलं नाही. आपल्या घराची ही जुनीच रीत आहे. म्हणून मी विचारते. अक्षय्य तृतीयेला निघायचं म्हणतात. गाडी फाटकाबाहेर उभी राहिली तर तू पायदान चढशील का? मला लिहायचं नसेल तर नको लिहूस. धर्मेशला सांग. तो येत्या रविवारी फोन करेल तेव्हा निरोप दे.

नाही म्हणालीस तरी मी समजून घेईन. त्यांना कसं सांगायचं ते मी बघेन.

आई

*

नवघर
२१ एप्रिल २००८

भूमी माझी,

धर्मेश रात्री दुकानातून धावतच आला. चपलासुद्धा न काढता आत, आणि म्हणाला, ताई येणार, बोलली की गाडी लवकर आणा, इथे उकडून मरतेय. मी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं, नक्की असंच म्हणाली? हसली का म्हणताना? तो म्हणाला, हसली, आणि मग रडली.

यांना सांगितलं तर उठले आणि टायरमधली हवा बघायला गेले. बराच वेळ हवाच बघत होते.

मी डिंक, खारीक, खोबरं आणून ठेवलंय. मेथीचे वेगळे आणि डिंकाचे वेगळे लाडू करणार. धर्मेशने दुकानातून रजा मागून घेतली आहे, गाडी तोच चालवणार. या गुरुवारी आणखी एकदा सगळं तपासून बघू म्हणतो. मला आज काही सुचत नाही. एवढंच.

आई

*

नवघर
२ मे २००८

चि. भूमिका,

तब्येत सांभाळ.

गाडीचं जरा लांबलंय. इंजिनात मोठा बिघाड निघाला. अक्षय्य तृतीयेला निघणं होणार नाही. तू वाट बघू नकोस आणि मनाला लावून घेऊ नकोस. दवाखान्यात नाव घातलंय तिथेच बाळंत हो. चंदनरावांशी माझं फोनवर बोलणं झालंय. ते रजा घेतील, रात्री तुझ्यापाशीच राहतील. डॉक्टर सांगतील तसं कर.

धर्मेशचा फोन आला नाही म्हणून काळजीत पडली असशील. त्याचा मोबाईल खाडीत पडला. आणि त्याला दुकानातून वापीला पाठवलंय, तिथे नवीन दुकान काढतायत. कामात आहे. ठीक आहे.

लाडू केले नाहीत. डिंक बरा मिळाला नाही.

बाबांनी मिशी काढली. उन्हाळ्याचं बरं वाटतं म्हणाले.

मला चुलीपुढे फार उभं राहवत नाही, उन्हाने असेल. मंदाकाकू भाकरी आणून देते. बाहेर बायका आल्यात बसायला, त्यांच्यात जाऊन बसायला हवं. अक्षर वेडंवाकडं आलंय, तर चष्मा सापडत नाही म्हणून समज.

डाव्या कुशीवर झोपत जा. बाळ फिरतंय ना? फिरतंय की नाही तेवढं रोज बघत जा. बाकी कशाकडे लक्ष देऊ नकोस.

आई

*

नवघर
३ जून २००८

भूमी,

हे पत्र चंदनरावांच्या हाती देतेय. वाचताना त्यांना जवळ बसव आणि बाळाला त्यांच्या मांडीवर दे. मग वाच.

धर्मेश गेला. आपला धर्मेश गेला, बाळा. चोवीस एप्रिलला, गुरुवारी.

दुपारी दुकान बंद असतं तेव्हा तो जेवायला आला होता. लाईट गेलेली. जेवून म्हणाला, आज गाडीची पूर्ण टेस्ट घेतो, बाळ झोपेल तसाच झोपतो, बघू किती गार राहतं. दार लावून घेतलं, दाराच्या फटीला टॉवेल लावला, म्हणजे गारवा बाहेर जायला नको. एसी लावला आणि पलंगावर आडवा झाला. जनरेटर त्या पलंगाखालीच गुरगुरत होता. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. हे झाडाखाली खाटेवर पडले होते. धुराच्या पाइपाचा सांधा पेटीच्या आत सुटला होता, ते आम्हाला पोलिसांनी नंतर दाखवलं. धूर खालून आत भरत राहिला. डॉक्टर म्हणाले, त्यात जो विषारी वायू असतो त्याला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही. त्रास झाला नसेल असं म्हणाले. मी ते धरून बसले आहे.

मी चहा घेऊन हाक मारायला गेले. दार ढकललं तर आत अगदी गार होतं. गाल लाल होते त्याचे, लहानपणी झोपून उठला की असायचे तसे. मी हाताला हात लावला, तो गार लागला, आणि मला वाटलं, एसीने लागतोय. मी एसी बंद करून त्याच्या अंगावर चादर घातली, भूमी. मग चहा खाली ठेवला आणि त्याला हलवलं.

तुला तेव्हा सांगितलं नाही. आठवा सरून नववा लागत होता, गेल्या वर्षीचं सगळ्यांच्या मनात होतं. मीच चंदनरावांना फोनवर हात जोडले की तोंडातून अक्षर काढू नका. महिनाभर तो माणूस तुझ्यासमोर हसत वावरला, त्याच्यावर रागावू नकोस. माझ्यावर रागव. मोबाईल खाडीत पडला नव्हता, माझ्या उशाशी आहे. वापी-बिपी काही नाही. मिशी का काढली ते आता तुला कळलंच असेल. पोराला पाणी बापाने दिलं.

मुलगी झाली हे ऐकलं तेव्हा मी इतक्या दिवसांनी देवासमोर दिवा लावला. आळीत काही बायका हळहळल्या, मुलगा असता तर धर्मेशच परत आला म्हटलं असतं. मला तर बरं वाटलं. तिला तिचं स्वतःचं आयुष्य जगू दे, मेलेल्या मामाचं ओझं तिच्यावर नको. नाव तुम्हाला आवडेल ते ठेवा.

आता तुझ्या बाबांचं लिहिते. पोलिसांनी चौकशी संपवून गाडी परत दिली. अंगणात उभी आहे. तिच्या पायदानावर दिवसभर बसून असतात. सुतकात कोणी भेटायला आलं की एकच सांगायचे, "मी शपथ पाललेली. एवढीशी पन मोडली न्हाय." भावकीतल्या लोकांना सांगितलं, नौशाद येऊन रडला त्याला सांगितलं, इन्स्पेक्टरलाही सांगितलं. खरंच आहे ते. वायर घेतली नाही, अंगण घेतलं नाही. तिळाएवढी मोडू दिली नाही, आणि ज्याच्या जिवासाठी पाळली तो तिच्यापायीच गेला. मी हे त्यांना एकदाच बोलले. म्हटलं, देवाने पोराचं डोकं काय तुम्हाला हात ठेवायला दिलं होतं? त्यानंतर ते कोणालाच काही सांगत नाहीत. बोलले ते बरोबर की चूक, मला कळत नाही. माझा राग गेलेला नाही. कधी जाईल असं वाटतही नाही. आणि रात्री ते जेवले नाहीत की मीही माझं ताट झाकून ठेवते. एवढी वर्षं एकत्र काढल्यावर असंच होत असेल.

आता मला अडवणारं काही राहिलं नाही. हे आईने लिहू नये, पण खरं तेच आहे. ज्याच्या डोक्यावर शपथ होती तोच नाही, मग ती कोणाला लागणार? मी शनिवारी येतेय, बारशाला. रस्त्यावर नाही थांबणार, आत येणार. तुझी न्हाणी, तुझी शेगडी, बाळाचं अंग चोळणं, सव्वा महिना सगळं मी करणार. दारात मला बघून तू आनंदाने विचारलं असतंस, धर्मेश कुठाय, गाडी लावतोय का? ते मला ऐकवलं नसतं. म्हणून आधी लिहिलं. मी आले की आपण दोघी आधी रडून घेऊ. बाळ उठलं तर चंदनराव बघतील.

एक शेवटचं आहे. काल चंदनराव आले. त्यांनी बाळाचा फोटो यांच्या हातात दिला. यांनी तो किती वेळ बघितला आणि मग पायदानावरून उठून माझ्यापाशी आले. मी भांडी घासत होते. एवढ्या वर्षांत या माणसाने मला कधी काही विचारलं नाही, सांगितलं फक्त. काल हळूच म्हणाले, "मी पन येऊ का?"

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. उंबरा तुझा आहे, तेव्हा तूच सांगायचं. माझ्याकडे बघून ठरवू नकोस, त्यांच्या वयाकडे बघून ठरवू नकोस, आणि बारशाला लोक काय म्हणतील याचा तर अजिबात विचार करू नकोस. तू नको म्हणालीस तर मी एकटी येईन आणि त्यांना तसं तोंडावर सांगेन. ते ऐकून घेतील. आता ते सगळंच ऐकून घेतात.

त्यांनी एक पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. आत एक धोतर आहे आणि एक टॉवेल. उचलायची की रिकामी करायची ते मला कळव.

त्यांना आणू का?

आई